जुन्या मृत्यूनोंदींवरून घराण्याचा माग काढता येतो का? (नागपूर, उमरेड-कुही भाग)

उमरेडरोड

नमस्कार मंडळी.

माझे पणजोबा कुहीकडच्या एका लहान गावातून नागपूरला आले आणि एम्प्रेस मिलमध्ये लागले. घरात सगळ्यांना ठाऊक आहे ते एवढंच. त्यांच्या मागचं काहीच नाही. शेती नव्हती, म्हणून सातबारा नाही, फेरफार नाही. कुलवृत्तांत छापणारं आमचं घराणं नव्हे. गाव पुढे गोसीखुर्द धरणाच्या बुडीत क्षेत्रात गेलं. काही लोक नव्या गावठाणात आले, बाकीचे पांगले. आता विचारावं असं जुनं माणूस तिथे मला तरी सापडलं नाही.

मध्यंतरी एका नातेवाइकाच्या जात पडताळणीच्या फाइलमध्ये कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या सरकारी वहीची, नक्कल पाहिली. मृत्यूची नोंद, स्वातंत्र्याच्या बऱ्याच आधीची. मयताचं नाव, बापाचं नाव, जात, वय, गाव आणि कशाने मेला ते, सगळं एका ओळीत. तेव्हापासून हेच डोक्यात बसलंय. ज्यांच्या नावावर जमीन नव्हती, ज्यांनी शाळेचं तोंड पाहिलं नाही, त्यांचं नाव सरकारी कागदावर कुठे आलं असेल तर बहुधा इथेच.

मला दाखला काढायचा नाही, पडताळणीही करायची नाही. वंशावळ करायची आहे. वडील थकत चाललेत, त्यांना त्यांच्या पणजोबांचं नाव सांगायचं आहे. या नोंदी कुठे असतात, किती मागच्या मिळतात, वाचायच्या कशा आणि त्यांच्यावर विश्वास किती ठेवायचा? ज्यांनी हे केलंय त्यांनी सविस्तर लिहा, ही विनंती.

संत्रावाला_काटोल

तहसीलचं रेकॉर्ड रूम. नकलेचा अर्ज, त्यावर कोर्ट फी तिकीट. गावाचं नाव आणि अंदाजे साल पक्कं करूनच जा.

राजेहो_नागपूर

आधी घरच्या म्हाताऱ्या माणसाईले बसून इचारा जी. आत्याले, आजोळच्याईले, मामेआजीले. रेकॉर्ड कुठी पळून नाही जात, मानूस जाते. आमच्या आजीनं साऱ्या खानदानाची नावं तोंडपाठ सांगतली होती, अन आमी लिहून नाही ठेवली. तुमी तरी फोनात रेकॉर्ड करून ठेवा बाप्पा.

माजी_अभिलेखपाल

महसूल खात्यात माझी बरीच वर्षं रेकॉर्ड रूममध्ये गेली. तहसील कोणती ते राहू द्या. विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे, म्हणून थोडं लांबण लावतो.

आधी पद्धत समजून घ्या, म्हणजे कागद कुठे असेल ते आपोआप कळतं. इंग्रजांच्या काळात नागपूर मध्यप्रांतात होतं. तिथे खेड्यातल्या जन्म-मृत्यूची खबर देणं हे कोतवालाचं, म्हणजे गावच्या सरकारी नोकराचं, काम होतं. शेजारच्या वऱ्हाडात १८६६ पासून नोंदणी सुरू झाली, देशात अगदी पहिल्यांदा जिथे झाली त्यातलं ते एक. गावात कोणी जन्मलं किंवा वारलं की कोतवाल वहीत नोंद करवून घ्यायचा. ‘करवून’ अशासाठी, की पुष्कळ कोतवालांना लिहिता येत नसे. पटवारी, मास्तर, मुकद्दम, जो हाताशी सापडेल तो लिहून देई. मग ती वही घेऊन कोतवाल ठाण्यावर जायचा, तिथे नोंद पुन्हा उतरवली जायची आणि आकडे वर जायचे. म्हणून एकाच गावच्या वहीत पानागणिक अक्षर बदलतं, एकच माणूस कुठे ‘सकाराम’ तर कुठे ‘सखाराम’ होतो. तारीख मरणाची की ठाण्यावर कळवल्याची, हेही दर वेळी कळत नाही. दोन-चार दिवसांचा फरक धरूनच चला.

आता उमरेडरोड, तुमच्या कामाचं. आजच्या तालुक्यावर जाऊ नका. इंग्रजांच्या काळात नागपूर जिल्ह्याला चारच तहसिली होत्या: नागपूर, काटोल, रामटेक आणि उमरेड. आज तालुके चौदा आहेत. कुही, भिवापूर हे पुढे वेगळे झाले. त्यामुळे कुहीला ‘नाही’ म्हणाले तर उमरेडला विचारा, आणि उमरेडला ‘नाही’ म्हणाले तर कुहीला. वाटणीत कुठला गठ्ठा कुठे गेला, हे गठ्ठा सोडल्याशिवाय कळत नाही. गाव बुडालं म्हणून वही बुडत नाही, हे मात्र मनाशी धरा. भरलेली वही गावात राहिलीच नव्हती, तहसिलीत होती.

जन्म-मृत्यू नोंदणीचा १९६९ चा कायदा आपल्याकडे १ एप्रिल १९७० पासून लागू झाला. त्यानंतरचं खेड्यातलं सगळं ग्रामपंचायतीत. त्याआधीचं कोतवाल बुकात.

आणखी एक. तुमचे पणजोबा वारले कुठे? नागपुरात असतील, तर त्यांची नोंद कोतवाल बुकात सापडणारच नाही. नागपूरची नगरपालिका १८६४ ची. शहरातल्या नोंदी तिच्याकडे, आणि पुढे महानगरपालिकेकडे. सुरुवात तिथून करा. पणजोबांच्या मृत्यूनोंदीत त्यांच्या वडिलांचं नाव मिळालं, की मग ते नाव घेऊन गावाकडे जा. खालून वर जायचं, मधली पायरी सोडायची नाही.

उमरेडरोड

काका, फार उपकार झाले. शहरातली नोंद आधी काढायची हे सुचलंच नव्हतं. पणजोबा नागपुरातच वारले, नक्की. साल वडिलांना अंदाजे आठवतं, ते तेव्हा शाळेत होते.

वैनगंगाकाठ

माझा अनुभव भंडाऱ्याकडचा आहे, पण पद्धत तीच.

मला माझ्या वडिलांच्या आजीचं नाव हवं होतं. आजोबांचं, पणजोबांचं नाव घरात सगळ्यांना पाठ, पण पणजीचं नाव एकालाही सांगता येईना. वडील तिला ‘जुनी माय’ म्हणत. कोतवाल बुकात तिची नोंद सापडली, तेव्हा मी रेकॉर्ड रूमच्या बाकावर किती तरी वेळ ती ओळ बघत बसले होते. कागद तपकिरी पडलेला, कडा बिस्किटासारख्या तुटणाऱ्या, शाई मात्र काळीभोर. रकान्यात लिहिलेलं: ‘जौजे महादू’. महादूची बायको. वय ३५. ताप. बस. तिचं स्वतःचं नाव नाहीच. तिच्या वरच्या ओळीत गावातल्या दुसऱ्या एका घरचा नातू होता, त्याचं नाव होतं, जात होती, सगळं होतं.

मग तिच्या मुलांच्या जन्मनोंदी काढल्या. तिथे बापाचं नाव, आईचा रकाना रिकामा.

नाव शेवटी मिळालं ते रामटेकला, अंबाळा तलावावरच्या उपाध्यायांकडे. आमच्याकडचे लोक अस्थी घेऊन तिथे जातात. त्यांच्या जुन्या वहीत माझ्या पणजोबांनी केलेल्या विधीची नोंद होती आणि तिथे तिचं नाव स्पष्ट लिहिलेलं होतं. उपाध्यायांनी कारण सांगितलं. श्राद्धात बापाकडच्या तीन पिढ्यांबरोबर आई, आजी, पणजी यांचीही नावं घ्यावी लागतात. नाव ठाऊक नसेल तर विधी अडतो, म्हणून वहीत बायकांची नावं लिहिलेली असतात. सरकारच्या वहीत तिची गरज नव्हती, तिथे होती.

तेव्हा उमरेडरोड, मृत्यूनोंद जरूर काढा, पण बायकांसाठी अंबाळ्याला एकदा जाऊन या. पणजोबांच्या घरातलं कोणी ना कोणी तिथे गेलं असेलच.

राजेहो_नागपूर

वैनगंगाताई, नाव काय होतं ते तं सांगा! साऱ्याईचा जीव टांगनीले लागला ना.

वैनगंगाकाठ

@राजेहो, तुळसा. :-) आता धाकट्या भाचीचंही तेच ठेवलंय.

धरमपेठ_वाचनालय

सगळ्यांचा उत्साह पाहून बरं वाटलं, पण थोडा ब्रेक लावतो. या नोंदींवर एवढा भार टाकू नये असं माझं मत आहे, आणि ते अनुभवावरून आहे.

एक तर सगळे मृत्यू नोंदवले जातच नसत. तान्ही मुलं तर फारच सुटत. दुसरं म्हणजे वय. कुठलंही रजिस्टर उघडा, ३०, ४०, ५०, ६० यांची गर्दी दिसेल. ४३ किंवा ५७ वयाचा माणूस क्वचित. कोतवालाने अंदाजाने सांगितलं आणि लिहिणाऱ्याने गोल आकडा टाकला. त्यावरून जन्मसाल काढणारे मी पाहिले आहेत, आणि मग सगळी वंशावळ दहा-दहा वर्षांनी सरकते.

तिसरी अडचण सर्वांत मोठी. आडनाव बहुतेक नोंदींत नसतंच. ‘सखाराम वल्द तुकाराम’, म्हणजे तुकारामचा मुलगा सखाराम, पुढे जात, झालं. एका मोठ्या गावात, एकाच जातीत, एकाच पिढीत असे तीन सखाराम वल्द तुकाराम मिळणं अवघड नाही. त्यातला आपला कोणता? लोक जो पहिला सापडतो तो आपला म्हणून मोकळे होतात. हल्ली दाखल्यासाठी घाई असते, तिथे हे फार होतं.

जमिनीचे कागद याहून कितीतरी पक्के. बंदोबस्ताची मिसल (जमीन मोजून सारा ठरवल्याची जुनी फाइल), अधिकार अभिलेख, पुढचे फेरफार. जमिनीला हद्द असते, शेजारी असतो, माणूस चुकत नाही.

माजी_अभिलेखपाल

धरमपेठ, तुमचं वयाचं आणि नावाचं शंभर टक्के मान्य. पण जमिनीचा कागद जमीनवाल्याचा. मालगुजारीत, म्हणजे गावाचा सारा भरणाऱ्या मालगुजाराच्या अमलात, अर्धं गाव कुळं, मजूर, बलुतेदार. मालगुजारी ३१ मार्च १९५१ ला संपली, तोपर्यंत मिसलीत कित्येकांचं नाव यायचं कारणच नव्हतं. उमरेडरोड पहिल्याच ओळींत सांगतात की शेती नव्हती. त्यांना मिसल काय सांगणार? आणि ज्यांच्याकडे जमीन होती, त्यांच्याकडेही वारसाचं नाव लावणारा फौती फेरफार मृत्यूनंतरच होतो. दोन्ही कागद जोडून वाचले की घोटाळा सुटतो.

एकाच नावाच्या माणसांसाठी मी लोकांना एक सांगत असे. तुमची एक ओळ काढून पळू नका. त्या गावाचे मागचे-पुढचे काही महिने सगळे वाचा. त्याच घरातलं दुसरं कोणी गेलं असेल, कोणी जन्मलं असेल. घर ओळखू येऊ लागलं की माणूस ओळखू येतो.

ताप_आणि_आकडे

मी सार्वजनिक आरोग्यात काम करते. वैनगंगाकाठ यांच्या नोंदीतलं ‘ताप’ वाचून राहवलं नाही. वैनगंगाताई, ते साल कोणतं होतं?

तोवर इतरांसाठी सांगते. सरकारी वर्गवारीत मृत्यूची कारणं मोजकीच होती: पटकी, देवी, प्लेग, ताप, हगवण, छातीचे विकार, अपघात-सर्पदंश वगैरे, आणि उरलेलं ‘इतर’. कारण ठरवणारा कोतवाल, डॉक्टर नव्हे. पटकी आणि देवी गावात सगळ्यांना ओळखू येत, म्हणून त्या नोंदी बऱ्याच भरवशाच्या. ‘ताप’ हा मात्र भला मोठा गठ्ठा. हिवताप, विषमज्वर, न्यूमोनिया, बाळंतरोग, क्षय, सगळं त्यात. म्हणून ‘ताप’ वाचून घराण्यात अमुक रोग होता असा निष्कर्ष काढू नका.

तारीख बघितली तर मात्र हाच ‘ताप’ बोलू लागतो. १९१८ सालचा ऑक्टोबर-नोव्हेंबर, म्हणजे दसरा-दिवाळीचे दिवस, शके १८४०. आपल्याकडे जुनी माणसं ज्याला मानमोडी म्हणत, तो इन्फ्लुएंझा. जूनमध्ये मुंबईत आला, तेव्हा सौम्य होता. सप्टेंबरात दुसरी लाट उठली आणि रेल्वेने आत पसरली. त्या वर्षी पाऊसही दगा देऊन गेला होता, घरात धान्य नव्हतं. साऱ्या देशात सर्वाधिक तडाखा बसलेल्या प्रांतांत आपला मध्यप्रांत होता. १९११ ते १९२१ या दहा वर्षांत देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी किंचित घटली, त्याचं मोठं कारण ही साथ. आणि ती म्हाताऱ्यांपेक्षा वीस ते चाळिशीतल्या धडधाकट माणसांना जास्त घेऊन गेली. तुमच्या गावच्या वहीत त्या दोन महिन्यांत पानंच्या पानं ‘ताप, ताप, ताप’ अशी दिसतील आणि वयं २५, ३०, ३५.

आपल्या घराण्यात एक पिढी आजी-आजोबांनी किंवा काका-मामांनी वाढवलेली असेल, तर हे साल जरूर बघा. त्याआधीचे १८९६-९७ आणि १८९९-१९०० हे दोन दुष्काळही. त्या दोन्हींत माणसं गावं सोडून गेली, म्हणून मृत्यूची नोंद भलत्याच गावात मिळू शकते.

वैनगंगाकाठ

साल १९१८च. महिना ऑक्टोबर. माझे आजोबा मामाच्या घरी वाढले हे आम्हाला माहीत होतं, पण का, ते कोणी सांगत नसे. आता कळलं. वडिलांना आजच फोन करते.

मोडी_शिकतोय

लिपीबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. आपल्याकडची कोतवाल बुकं बरीचशी बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत, आहेत, पण मोडीही भेटते, आणि दोन्हींची सरमिसळही. २०२३ मध्ये न्यायमूर्ती शिंदे समितीने कुणबी नोंदी शोधायला घेतल्यावर मोडी वाचणाऱ्यांना एकदम भाव आला. त्याचा एक फायदा असा, की कित्येक ठिकाणी वर्षानुवर्षं न सुटलेले गठ्ठे सुटले, काहींचं स्कॅनिंगही झालं. तेव्हा आधी ‘मिळत नाही’ म्हणून परत आलेल्यांनी पुन्हा विचारून बघावं.

सालांचा हिशेब: शकात ७८ मिळवा, फसलीत (जुन्या महसुली सालात) ५९०, विक्रम संवतातून ५७ वजा. वर्ष कोणत्या महिन्यात बदलतं त्यावरून एकाचा फरक पडतो. वऱ्हाडाकडे निजामाच्या अमलामुळे जुन्या कागदांत फसली फार.

मोडीत नाव वाचताना घाई नको. शब्द तोडून लिहायची पद्धत नाही, ओळ आधी आखायची आणि अक्षरं तिला लटकवत जायची. पहिल्यांदा आपल्याला जे नाव हवं तेच दिसतं. दुसऱ्या कोणाला, ते नाव न सांगता, वाचायला द्या.

कामठीकर

आमचं घर ख्रिस्ती. आमच्याकडे ही सगळी वाट वेगळी, म्हणून सांगतो. चर्चची दफननोंद असते, बाप्तिस्म्याची असते, लग्नाची असते, आणि तिन्ही एकमेकांना लागू पडतात. कामठीची छावणी १८२१ ची, मद्रासच्या फौजेची. त्यामुळे कामठीतल्या कित्येक जुन्या घरांची मुळं तमिळ-तेलुगू मुलखात निघतात. आमचीही तशीच निघाली, दफननोंदीत पलटणीचं नाव होतं त्यावरून. कबरींवरचे लेखही वाचा. मध्यप्रांत-वऱ्हाडातल्या कबरींवरच्या लेखांची एक यादी १९३२ मध्ये छापलेली आहे. ती मुख्यतः युरोपियनांची आहे, पण आता झिजून गेलेले दगड तिच्यात वाचता येतात.

मोमिनपुरा

कामठीकरभाऊ, आमच्याकडे कब्रस्तानच्या कमिटीचं रजिस्टर असतं, पण फार मागे जात नाही. आम्हाला जास्त उपयोग झाला तो निकाहनाम्यांचा. बापाचं नाव, मोहल्ला, साक्षीदारांची नावं. साक्षीदार बहुतेक नात्यातलेच असतात, त्यांच्यावरून शाखा जुळतात.

संत्रावाला_काटोल

घाटावरच्या रजिस्टरचं काय? मोक्षधाम, गंगाबाई घाट, अंबाझरी, इथे नोंद होतेच ना?

माजी_अभिलेखपाल

होते. अलीकडच्या काळासाठी उपयोगी. पणजोबांच्या काळासाठी त्यावर विसंबू नका.

पाचपावली_५६

मला एका वेगळ्या गोष्टीकडे लक्ष वेधायचं आहे.

आमच्या आजोबांची मृत्यूनोंद मी काढली. त्यांच्या वडिलांचीही काढली. दोन्हींत नावाच्या आधी डोळ्यांत भरतो तो जातीचा रकाना. १४ ऑक्टोबर १९५६ ला आमचं सगळं घर दीक्षाभूमीवर होतं. त्यानंतरच्या नोंदीत धर्म बौद्ध. त्याआधीच्या प्रत्येक कागदावर जो शब्द आहे, तो माझ्या आजोबांनी स्वतःहून टाकून दिला होता. आणि आज माझ्या मुलाच्या पडताळणीसाठी मला तोच शब्द असलेला, १० ऑगस्ट १९५० च्या (अनुसूचित जातींची यादी निघाली त्या तारखेच्या) आधीचा कागद शोधत फिरावं लागतं. त्या कागदाशिवाय हक्क मिळत नाही, म्हणून शोधला. पण काउंटरवर तो मोठ्याने वाचला जातो, तेव्हा काय वाटतं ते इथे लिहावंसं वाटलं.

तरीही सांगतो, नोंदी काढा. माझ्या पणजोबांच्या नोंदीत धंदा ‘विणकर’ लिहिलेला होता. हे घरात कोणाला माहीत नव्हतं. मी पाचपावलीतच वाढलो, आजूबाजूच्या तांडापेठेतल्या मागांचा आवाज ऐकत. आमच्याही घरात कधी काळी माग होता, ही गोष्ट मला त्या एका ओळीने दिली.

वैनगंगाकाठ

@पाचपावली_५६, लिहिलंत हे फार चांगलं केलंत.

तांडापेठ

आमच्या हलबा-कोष्टी समाजाचं तर अर्धं आयुष्य या रकान्यात गेलंय. हलबा-कोष्टींना हलबा जमातीत धरता येत नाही असा २००० साली सुप्रीम कोर्टाचा निकाल आला, तेव्हापासून घराघरांत गठ्ठे आहेत जुन्या नकलांचे. एकाच घरातल्या दोन सख्ख्या भावांच्या नोंदी, एकाची जात एक लिहिलेली, दुसऱ्याची दुसरी. लिहिणाऱ्याने त्याला जे ऐकू आलं, जे वाटलं, ते लिहिलं. धरमपेठ म्हणतात तसं, एका कागदावर सगळं उभं करू नये.

धरमपेठ_वाचनालय

तांडापेठ, अगदी हेच म्हणायचं होतं.

आणखी एक मुद्दा आहे. लोक या नोंदींचे फोटो काढून कुटुंबाच्या आणि समाजाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकतात. त्या पानावर आपली एक ओळ असते आणि इतर वीस घरांच्या वीस ओळी असतात. कोणाची आत्महत्या, कोणाचं महारोगाने मरण, कोणाचं ‘बाप माहीत नाही’ असलेलं मूल. त्यांची नातवंडं आज त्याच गावात राहतात. हे थांबलं पाहिजे. १९६९ च्या कायद्यात कलम १७ प्रमाणे मृत्यूनोंदीचा उतारा कोणालाही मागता येतो, पण त्या उताऱ्यात मृत्यूचं कारण देता येत नाही. कायदा करणाऱ्यांना हे सुचलं होतं.

ताप_आणि_आकडे

कारण झाकण्याशी मी अर्धीच सहमत. शंभर वर्षांपूर्वीच्या साथीची नोंद झाकून कोणाचं भलं होणार? वैनगंगाताईंना त्यांच्या आजोबांचं बालपण त्या एका शब्दावरून कळलं. पण पानाचा फोटो टाकू नये, हे पूर्ण मान्य. आपली ओळ उतरवून घ्यावी, शेजारची झाकावी.

राजेहो_नागपूर

आमच्या ग्रुपवर एकानं पूर्ण रजिस्टरच टाकलं होतं. दुसऱ्या दिवशी दोन घरात भांडन. अॅडमिननं डिलीट केलं तवा कुठी शांत झाले. धरमपेठसाहेबाचं खरं हाय.

पोवारीबोल

आमच्या पोवारांत भाट येत. गोंदिया-बालाघाटकडून वही घेऊन यायचे, घरी मुक्काम करायचे, नवी नावं चढवायचे आणि जुनी वाचून दाखवायचे. आजोबा त्यांना धान्य आणि कापड देत. वही वाचली जाताना सगळी मुलं पुढे बसलेली असायची. ज्यांच्या जातीत भाटांची प्रथा आहे त्यांनी ते घराणं अजून कुठे आहे याचा शोध घ्या. बायकांची नावं आणि माहेरची गावंसुद्धा त्यात असतात.

उमरेडरोड

सगळ्यांचे मनापासून आभार. धागा भरकटला असं कोणी म्हणू नये, मला प्रत्येक फाट्याचा उपयोग झाला. आता माझं सांगतो.

काकांनी सांगितल्याप्रमाणे आधी शहरातली नोंद काढली. पणजोबांचा मृत्यू नागपूरच्या महाल भागात, राहत्या घरी. वय ५०. त्यांच्या वडिलांचं नाव मिळालं, दौलत. आम्हाला कोणालाच ठाऊक नसलेलं पहिलं नाव. माझ्या वडिलांना सांगितलं तर ते नुसतं पुटपुटत राहिले, मग म्हणाले, “म्हणून काकाच्या पोराचं नाव दौलत ठेवलं होतं.”

त्या नावाने कुहीला काही मिळालं नाही. उमरेडला आमच्या गावची वही मिळाली. तिथल्या कर्मचारी बाईंनी आपुलकीने गठ्ठा काढून दिला आणि मागचे-पुढचे महिने वाचू दिले. १९१८ च्या ऑक्टोबरअखेर दौलत, वय ४०, ताप. त्याच्यानंतर चार दिवसांनी ‘जौजे दौलत’, वय ३०, ताप. आणि त्या दोन्हींच्या मध्ये ‘मुलगी, दौलतची’, वय २, नाव नाही. पणजोबा तेव्हा दहा-बारा वर्षांचे असणार. एवढा मुलगा गावातून निघून मिलमध्ये कसा पोचला, याचं उत्तर त्या तीन ओळींत आहे असं मला वाटतं.

ताप_आणि_आकडे

वाचून अंगावर काटा आला. एम्प्रेस मिलला तेव्हा जवळपास चाळीस वर्षं झाली होती, ती १ जानेवारी १८७७ ला सुरू झालेली. गावातली, नात्यातली माणसं आधीच तिथे असणार. त्यांच्यापैकी कोणी मुलाला घेऊन आलं असेल.

धरमपेठ_वाचनालय

उमरेडरोड, तुमच्या आनंदात खोडा घालायचा नाही, पण विचारतो. हा दौलत तुमचाच कशावरून? पणजोबांचं वय ५० हा गोल आकडा. त्या गावात त्या जातीत दुसरा दौलत नव्हता का?

उमरेडरोड

प्रश्न रास्त आहे. १९१० पासून १९२५ पर्यंतच्या जेवढ्या वह्या होत्या तेवढ्या चाळल्या, मयत म्हणून दुसरा दौलत आमच्या जातीत दिसला नाही. पण तो त्या काळात वारलाच नसेल, तर दिसणार नाही, हे मलाही कळतं.

माजी_अभिलेखपाल

जन्माची बाजू राहिली आहे. पणजोबांचं मृत्यूच्या वेळी वय ५० लिहिलंय, म्हणजे जन्म अंदाजे कुठे येतो ते काढा आणि त्याच्या अलीकडची-पलीकडची पाच-पाच वर्षं धरून त्याच गावच्या जन्मनोंदी बघा. ‘मुलगा, दौलतचा’ एवढंच असेल, नाव नसेल, कारण नोंद बारशाच्या आधी व्हायची. पण त्या वर्षांत त्या जातीत दौलतला झालेला मुलगा एकच निघाला, तर बाजू भक्कम होते. दोन दौलत निघाले तर जास्तच बघावं लागेल.

शिवाय मुलाला सांभाळणारं कोणी त्याच गावात असेल, तर दौलतच्या बापाच्या नावाने भाऊ शोधा. १९१८ नंतरच्या वहीत ‘अमुक वल्द’ म्हणून तो कधी तरी येईलच. दौलतच्या ओळीत बापाचं नाव काय लिहिलंय?

उमरेडरोड

तिथे शाईचा डाग आहे, काका. पहिलं अक्षर ‘ग’ किंवा ‘रा’ वाटतं. फोटो काढायची परवानगी नव्हती, हाताने उतरवून घेतलंय.

मोडी_शिकतोय

प्रमाणित नक्कल मागा, तिच्यात कार्यालय काय वाचतं ते कळेल. आणि तुम्ही हाताने उतरवलेला आकार जसाच्या तसा मला व्यक्तिगत निरोपात पाठवा, फक्त तेवढा शब्द. आम्ही चार-पाच जण वेगवेगळे वाचतो आणि मग जुळवतो.

वैनगंगाकाठ

आणि अंबाळ्याला कधी जाताय? ‘जौजे दौलत’चं नाव राहिलंय. मला रामटेकला जायचंच आहे, उपाध्यायांचा पत्ता मी देते. गावाचं जुनं नाव आणि जात लिहून न्या, त्यांच्या वह्या गावांप्रमाणे लावलेल्या आहेत.

उमरेडरोड

पुढच्या रविवारी, वडिलांना घेऊन. वैनगंगाताई, निरोप केलाय.